मधल्या जागेवरची डिस्क

नीलिमा हत्तीअंबीरे सकाळी केंद्रात आली की खुर्चीवर बसण्याआधी उभ्यानेच एक कमांड टाइप करी. काळ्या पडद्यावर पाच ओळी उमटत. प्रत्येक ओळीत एका डिस्कचा क्रमांक आणि त्यापुढे तिची अवस्था. त्या ओळी ती मोठ्याने वाची : "एक, ऑनलाइन. दोन, ऑनलाइन..." शेवटी त्या पाचांच्या मिळून झालेल्या संचाची, म्हणजे ॲरेची, ओळ येई. तिच्यात सारे ठीक असल्याचे दिसले की मग ती बसे.

दाराशी फडका मारणारे राघो गुरव हे रोज ऐकत.

"झाली का ताई तुमची आरती?"

"आरती नाही काका, हजेरी."

"हजेरी घेता, तर एकदा तरी गैरहजर कोण ते सांगा की!"

भाईंदर पूर्वेला, नवघर रस्त्यावरच्या एका इमारतीच्या तळमजल्यावर थॅलसेमिया झालेल्या मुलांना रक्त चढवण्याचे ते केंद्र होते. गेल्या शतकाचे शेवटचे दशक सरत आले होते. या मुलांच्या शरीरात पुरेसे रक्त तयार होत नाही. दर काही आठवड्यांनी दुसऱ्याचे रक्त घेऊन त्यांना जगावे लागते. कोणत्या मुलाला कोणाचे रक्त चालले, कोणाचे बाधले, कोणाच्या अंगात कशाविरुद्ध प्रतिकार निर्माण झाला, हा सारा इतिहास एका देणगीदार न्यासाने दिलेल्या सर्व्हरवर होता. तो सांभाळणे हे नीलिमाचे काम.

मोठ्याने वाचण्याची सवय तिला वडिलांनी लावली होती. सीताराम हत्तीअंबीरे अहमदपूरकडचे. दुष्काळात गाव सोडून भाईंदरच्या मिठागरांवर मजुरीला आले आणि नवघरच्या चाळीत राहिले. त्यांना अक्षरओळख नव्हती. औषधाची बाटली, विजेचे बिल, विहारातला फलक, जे समोर येईल ते ते मुलीकडून वाचून घेत आणि म्हणत, "मधलं गाळू नगंस. समदं वाच." ज्या माणसाला स्वतः वाचता येत नाही, त्याला दुसऱ्याने गाळलेल्या शब्दाची भीती किती असते, हे नीलिमाला फार लहानपणी कळले होते.

स्टेशनजवळच्या एका क्लासमध्ये ती युनिक्स शिकली. डिस्कच्या ॲरेची रचना तिला तिथेच प्रथम समजली आणि त्या दिवशी ती घरी पोहोचेपर्यंत कोणाशी बोलली नव्हती. माहितीचे तुकडे करून ते चार डिस्कवर लिहायचे आणि त्या तुकड्यांच्या बेरजेसारखे काहीतरी पाचव्या डिस्कवर लिहायचे. पुढच्या तुकड्यांच्या वेळी ती बेरीज दुसऱ्या डिस्कवर, त्यापुढच्या वेळी तिसऱ्या. अशा रीतीने प्रत्येकीच्या पदरी थोडी माहिती आणि थोडी इतरांची साक्ष. पाचांतली कोणतीही एक निकामी झाली तरी उरलेल्या चौघींवरून तिचे संपूर्ण लिखाण पुन्हा मांडता येते. हे सारे पाहणारे जे कार्ड, त्याचे नाव कंट्रोलर. नीलिमाने लहान लहान आकडे कागदावर मांडून, एकेक पुसून पाहिला होता. पुसलेला आकडा दर वेळी परत आला. माणसांनी आजवर बांधलेल्या किती संस्थांमध्ये अशी सोय आहे, असा प्रश्न तिला पडला होता. तो तिने कोणाला विचारला नाही.

त्या वर्षी खंडेनवमीला जोडून रजा घेऊन ती आईला दीक्षाभूमीवर घेऊन गेली. दसरा आटोपून नागपूरहून परतली ती स्टेशनवरून थेट केंद्रात आली. सर्व्हरच्या उभ्या पेटीवर झेंडूचा सुकलेला हार होता आणि पाचही डिस्कच्या दर्शनी पट्ट्यांवर हळदकुंकवाची बोटे होती. गेल्या वर्षीही पेटीची पूजा झाली होती. तिला त्यात गैर वाटले नव्हते. आपापल्या हत्याराशी आपापल्या रीतीने कृतज्ञ राहण्याचा माणसाचा हक्क तिला मान्य होता. तिने मशीन सुरू केले, उभ्यानेच कमांड टाइप केली आणि वाचायला तोंड उघडले.

पाचही ओळींत एकच मजकूर होता : डिस्क नोंदीशी जुळत नाही. शेवटची ओळ : ॲरे, ऑफलाइन.

तिने कमांड पुन्हा दिली. उत्तर तेच आले.

आत रक्त चढवण्याच्या खोलीत चंपाबेन आपल्या मुलीला, दिव्याला, घेऊन बसल्या होत्या. भाईंदरच्याच इंद्रलोक वस्तीत राहणारे हे कच्छी कुटुंब, आणि दिव्या सहा वर्षांची. सणाच्या सुट्ट्यांमुळे तिचे रक्त आधीच लांबले होते. ओठ पांढरे पडले होते आणि ती आईच्या मांडीवरून उठायला तयार नव्हती. बोरिवलीच्या रक्तपेढीतून पिशवी येऊन पडली होती. केंद्राच्या प्रमुख डॉ. अनसूया चुरी नीलिमाकडे आल्या.

"दिव्याचं रेकॉर्ड काढ. श्रावणात तिला रक्त बाधलं होतं ना, त्यानंतर मुंबईच्या हॉस्पिटलनं कळवलं होतं की रक्तातली कुठलीशी एक खूण हिला चालत नाही. कुठली ते बघून सांग."

"मॅडम, ॲरे बंद आहे."

डॉक्टर खुर्चीच्या कडेवर बसल्या. "पेढीनं पिशवी जुळवून पाठवलीय. पण हा प्रतिकार फसवा असतो गं. काही महिन्यांनी रक्तात इतका विरतो की तपासणीत सापडतच नाही. आणि तेच रक्त पुन्हा गेलं की चवताळून उठतो. आधीची नोंद हाच एक पुरावा असतो."

"कागद?"

"फाइल मुंबईला पाठवलीय, अजून आली नाही. फोन केला होता. शोधायला दोन दिवस म्हणतात. ही दोन दिवस थांबणारी मुलगी नाही." त्यांनी आवाज चढवला. "कोणी हात लावला या मशीनला?"

दाराशी राघो उभे होते. ते मागे सरून व्हरांड्यात गेले.

टेपवरच्या प्रतीचा आधार नव्हता. भाईंदरच्या खारट, दमट हवेने पावसाळ्यात टेपना बुरशी धरली होती; वाचता येईल अशी शेवटची टेप पावसाआधीची, आणि दिव्याची नोंद श्रावणातली. नीलिमाने अंधेरीला, मशीन देणाऱ्या कंपनीचा अभियंता अनिश याला फोन लावला. तो मनापासून मदत करणारा मुलगा होता.

"नीलिमा मॅडम, टेन्शन नका घेऊ. कंट्रोलर कन्फ्युज झालाय. युटिलिटीमध्ये जा, नवीन कॉन्फिगरेशनला 'वाय' दाबा, मग टेपवरून सगळं परत टाका. मी पण येतोय दुपारनंतर."

"टेप जुनी आहे, अनिश."

"मग... तेवढं जाईल मॅडम. काय करणार? डिस्क चालू करायला दुसरा रस्ता मला तरी माहीत नाही."

तिने ती युटिलिटी, कंट्रोलरची मांडणी करण्याचा कार्यक्रम, उघडली. खाली प्रश्न लुकलुकत होता : पुढे जायचे, वाय की एन. बोट त्या अक्षरावर नेऊन तिने ते उचलले आणि वरचा मजकूर पहिल्या शब्दापासून मोठ्याने वाचला. त्यात मधेच एक वाक्य होते. पाचही डिस्क सुस्थितीत आढळल्या, पण ज्या जागी असायला हव्यात त्या जागी नाहीत, आणि पुढे गेल्यास त्यांच्यावरचा मजकूर नष्ट होईल. कोणती डिस्क कोणत्या जागची हे मात्र कंट्रोलर सांगत नव्हता. त्याला स्वतःला ते ठाऊक होते. विचारण्याची सोय कोणी केली नव्हती.

तिने 'एन' दाबले.

अंदाजाने डिस्क लावून पाहण्यात अर्थ नव्हता. चुकीच्या रचनेत दोनच डिस्क जागच्या नाहीत असे दिसले, तर कंट्रोलर त्या दोघींना मृत धरून तशी नोंद करून टाकू शकला असता. एकीची उणीव चौघी भरून काढतात, दोघींची तिघींना भरता येत नाही. लावायचे तर एकदाच, आणि बरोबर.

तिने पट्ट्यांवरचे कुंकू जवळून पाहिले. ते कडांवरून आतल्या बाजूलाही गेले होते. ती राघोंकडे गेली. ते व्हरांड्यातल्या स्टुलावर, हात मांडीखाली घेऊन बसले होते. राघो संगमेश्वराकडचे. घराणे गावच्या देवळाचे गुरव. थोरल्या भावाकडे देवाची सेवा गेली आणि हे नोकरीसाठी इकडे आले.

"काका, खंडेनवमीला डिस्क बाहेर काढल्या होत्यात?"

"मी? नाय बा."

ती तशीच उभी राहिली.

"पुसल्या जरा," राघो म्हणाले. "कोरड्या फडक्यानं. तो अनिश खटका दाबून ओढतो तशाच काढल्या. मशीन बंद करून, हां! मी काय येडा नाय. आणि परत ठेवल्या."

"जागच्या जागी?"

राघोंनी हात मांडीखाली आणखी आत सरकवले.

"काका, मी ओरडायला आले नाही. दिव्याला कुठलं रक्त चालत नाही ते त्यात आहे. आत्ता दुसरीकडे कुठेच नाही."

राघोंनी मांडीखालचे हात बाहेर काढले. "मोठ्याला मधी ठेवला मी."

"कोण मोठा?"

"तो नाय का, त्याचा दिवा सारखा लुकलुकतो? बाकीचे घटकाभर थांबतात तरी. सगळं काम तोच ओढतो. पाच जण हायत, तर म्हटलं पंचायतन मांडू. मालकाला कडेला कसा ठेवायचा? पूजेत मधी बसवला, तर पेटीत पण मधीच पायजे."

नीलिमाच्या मनात दोन गोष्टी एकाच वेळी आल्या. त्या पाचांत मालक कोणीच नव्हता, ही एक. दुसरी अधिक काळजीची : सगळ्यांना सारखे काम असताना एकाचाच दिवा अखंड लुकलुकत असेल, तर ती डिस्क थकली असावी, लिहिलेले तिला पुन्हा पुन्हा वाचावे लागत असावे. पण आधी क्रम कळायला हवा होता.

"ती पूजा मला मांडून दाखवाल?"

"आत्ता?" राघोंनी वर पाहिले. "आणि तुम्हाला चालंल, ताई? तुमच्यात हे नसतं."

"माझं मी बघते. तुम्ही मांडा."

"हात धुऊन येतो मग," असे म्हणून ते उठले.

नीलिमाने मशीन बंद करून भिंतीतले बटणही बंद केले. राघोंनी पाट आणला, कोरडे फडके अंथरले, पूर्वेकडे तोंड करून मांडी घातली आणि डोळे मिटले. डॉक्टर दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या रागावलेल्या होत्या.

"मोठा मधी," राघो म्हणाले. "मग ईशान्येपासून सुरवात. ईशान्य, आग्नेय, नैऋत्य, वायव्य. प्रदक्षिणेनं. उलटं जाऊन चालत नाय."

"बाकीच्या पेटीतून कशा निघाल्या?"

"वरून खाली. वरचा आधी, तो ईशान्येला. त्याच्या खालचा आग्नेयेला. तसंच पुढं."

"नक्की?"

राघोंनी डोळे उघडले. त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच थोडा राग दिसला. "बाय माजे, चार पिढ्या देवळात गेल्यात. पूजा काय मी पत्ते पिसल्यासारखी मांडीन?"

डॉक्टरांना हसू आले. नीलिमाला आले नाही. "आणि उचलताना?"

उचलण्याला विधी नसतो. राघोंनी पुन्हा डोळे मिटले आणि रिकाम्या पाटावर हात नेला. हात आधी उजवीकडच्या जवळच्या कोपऱ्यावर गेला, मग डावीकडच्या जवळच्या, मग मध्यावर, मग पलीकडच्या उजव्या आणि शेवटी पलीकडच्या डाव्या कोपऱ्यावर. ज्या क्रमाने उचलल्या त्याच क्रमाने त्या वरून खाली पेटीत ठेवल्या, असे त्यांनी सांगितले. तिने त्यांच्याकडून ते पुन्हा करून घेतले. हात त्याच वाटेने गेला.

मग एकेक डिस्क काढून, चिठ्ठी चिकटवून, तिने ती राघोंच्या हाती दिली, आणि त्यांनी ती खंडेनवमीला जिथे होती तिथे पाटावर ठेवली. पाटावर पंचायतन पुन्हा उभे राहिले. चार दिशांच्या चौघींचा आपसातला क्रम आता निश्चित होता. मधली डिस्क मूळची कोणत्या जागची, एवढेच उरले.

"मोठा कुठे होता, काका?"

"खालून दुसरा," राघो लगेच म्हणाले. "फडका मारायला बसलो की बरोबर डोळ्यांसमोर तोच. रोज बघतो की."

नीलिमा त्या पाटाकडे पाहत राहिली. ज्या पूजेच्या आसपासही तिच्या आजोबांना उभे राहू दिले गेले नसते, आणि जिच्याकडे तिच्या वडिलांनी पूर्ण विचारान्ती पाठ फिरवली होती, त्या पूजेच्या काटेकोरपणावर आज एका मुलीचा जीव अवलंबून होता. हे सत्य तिला सोयीचे नव्हते, तरी तिने ते गाळले नाही. वडिलांचा निर्णय त्यामुळे तसूभरही उणा होत नव्हता. राघोंच्या चार पिढ्यांची शिस्तही खोटी ठरत नव्हती. माणसाने मनापासून आणि क्रम न चुकता केलेल्या कोणत्याही कृतीत स्मृती साठते, आणि ती स्मृती पुढे कोणाच्या उपयोगी पडेल याची अट तिला घालता येत नाही. तिला त्या क्षणी जे वाटले त्याला भीती म्हणावे की आदर, हे तिला पुढे कधीही ठरवता आले नाही.

डिस्क आपापल्या जागी गेल्या. तिने बटण दाबले. पेटीतून एकामागून एक डिस्क फिरू लागल्याचे आवाज आले, आणि शेवटी एक खरखर, जी थांबली. तिने कमांड टाइप केली आणि वाचली.

"एक, ऑनलाइन. दोन, ऑनलाइन. तीन, ऑनलाइन. चार..." ती अडखळली. "चार, डेड. पाच, ऑनलाइन. ॲरे, क्रिटिकल." एक गेली होती, पण चौघींवर संच चालू होता.

"मेला?" राघोंचा चेहरा उतरला. "मोठा मेला? माझ्या हातून?"

"नाही काका. तो आधीपासून आजारी होता. म्हणून तर त्याचा दिवा थांबत नव्हता."

"अरे देवा. आणि आम्ही समजलो, लई कामाचा."

तोवर तिने नोंदींचा कार्यक्रम उघडला होता. दिव्याचे नाव आले, त्याखाली श्रावणातली नोंद आली. एकही अक्षर उणे नव्हते : 'किड ए' ही खूण असलेले रक्त देऊ नये.

डॉक्टर पडद्यावर वाकल्या; वाचून झाल्यावरही सरळ झाल्या नाहीत. "एक डिस्क मेलीय म्हणतेस. मग या नोंदीचा काही भाग तिच्यावर असेल?"

"असणारच."

"म्हणजे मी आत्ता जे वाचतेय ते कोणी लिहिलेलं आहे, की मशीननं अदमासानं भरलेलं?"

"अदमास नाही, मॅडम. चार आकडे आणि त्यांची बेरीज अशा पाच गोष्टींतली एक पुसली, तर उरलेल्या चारांवरून ती एकाच प्रकारे भरता येते. तसंच हे. आपणच लिहिलं होतं तेच आहे. बाकीच्या चौघी ते सांगतायत."

"तू हे माझ्या पेशंटच्या जिवावर म्हणू शकतेस?"

"ताडून बघा. सुट्टीच्या आधी तुम्ही स्वतः तपासलेलं मूल सांगा, मी ते रेकॉर्ड काढते. जुळलं नाही तर माझं ऐकू नका."

डॉक्टरांनी एक नाव सांगितले. मग दुसरे. दोन्ही नोंदी त्यांच्या आठवणीशी तंतोतंत जुळल्या. त्या उभ्या राहिल्या, एकवार पेटीकडे पाहिले, जसे एखाद्या माणसाकडे पाहावे तसे, आणि फोनकडे गेल्या.

आलेली पिशवी परत पाठवली, ती पेढीने पुन्हा तपासली. तिच्यात 'किड ए' होते. ती खूण नसलेली दुसरी पिशवी यायला दुपार झाली. मधल्या वेळात अनिश नवी डिस्क घेऊन आला, ती चौथ्या जागी बसवली, आणि चौघी मिळून तिला मेलेल्या डिस्कवरचे सारे लिखाण नव्याने देऊ लागल्या. किती टक्के झाले ते पडद्यावर सरकत होते. अनिश ते पाहत नुसता बसून राहिला. "मी 'वाय' दाबायला सांगत होतो," तो शेवटी म्हणाला. नीलिमाने त्याच्यासमोर चहा ठेवला.

ती रुग्णांच्या खोलीत सहसा जात नसे. त्या दुपारी गेली आणि दाराशी उभी राहिली. दिव्याच्या हाताला सुई लागली होती. पहिला काही वेळ रक्त थेंबाथेंबाने सोडून पाहत राहायचे असते. डॉक्टर नाडीवर बोट ठेवून बसल्या होत्या. चंपाबेनचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता.

"दीदी," दिव्या क्षीण आवाजात म्हणाली, "मम्मी बोलती है तुम्हारा कम्प्युटर बीमार था."

"था. अब ठीक है. एक का काम बाकी चार ने किया."

"तो वो एक क्या कर रहा था?"

"सो रहा था."

"आळशी," दिव्या म्हणाली. केंद्रात ऐकून तिला काही मराठी शब्द आले होते.

व्हरांड्यातून राघोंचा आवाज आला, "तसं नाय गो बाय, आजारी होता बिचारा."

डॉक्टरांनी मनगटावरचे बोट काढले. मुलीचा श्वास संथ होता, अंगावर पुरळ नव्हता, ताप नव्हता. त्यांनी नळीची चिमटी सैल केली आणि थेंब भरभर पडू लागले. चंपाबेननी हे पाहिले, पदराने तोंड पुसले आणि सकाळपासून बंद असलेला डबा उघडून पहिला ठेपला नीलिमाच्या हातावर ठेवला.